पंडिता रमाबाई आणि आकाशाचा शब्द

संस्कृत विद्येसाठी साऱ्या हिंदुस्थानात जिचे नाव झाले होते, त्या विदुषीने उतारवयात हिब्रू भाषेच्या अभ्यासास स्वतःला जुंपून घेतले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविले होते. तेच धन मातेने कन्येस दिले. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. १८७४ साली दुष्काळात मातापितरे निवर्तली, आणि बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह देशभर पायपीट करीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. पुढे बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह, दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच वैधव्य, १८८३ साली विलायतेस प्रयाण व तेथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८९ साली मुंबईस शारदासदनाची स्थापना, हा इतिहास पाठ्यपुस्तकांतून आलेला आहे. त्याचा विस्तार येथे नको.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली व विधवा केडगावास आणल्या. (मध्यप्रांतातून पुण्याकडे येणारा लोहमार्ग आपल्या भुसावळ-जळगावावरूनच जातो.) ह्या मुलींपैकी कित्येकींस अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यापुढे बायबल वाचू लागावे, तर प्रचलित मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालेले. शिवाय त्यांतील कित्येक शब्दांस आपल्या दर्शनग्रंथांचे अर्थ आधीच चिकटलेले. तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून, खेड्यातील बाईस कळेल अशा मराठीत, सर्व शास्त्र नव्याने उतरविण्याचा रमाबाईंनी निश्चय केला. आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा वर्षे ह्या कामी गेली.

काम किती कठीण, हे पाहावयास फार पाने उलटावी लागत नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, सृष्टीच्या दुसऱ्या दिवशी, रकीया नावाची एक वस्तू निर्माण होते. ती खालच्या जलांस वरच्या जलांपासून निराळे करते, आणि देव तिला शामाईम, म्हणजे आकाश, असे नाव देतो. आता रकीया ह्यास मराठीत काय म्हणावे? आकाश म्हणावे, तर आकाशाला आकाश नाव दिले असे विचित्र वाक्य होते. आणखी एक अडचण आहे. आपल्या न्याय-वैशेषिकांच्या मते आकाश हे नित्य, सर्वव्यापी व शब्दगुणाने युक्त असे द्रव्य होय. येथे तर ते दुसऱ्या दिवशी घडविलेले! संस्कृतात वाढलेल्या वाचकाच्या मनात दोन्ही अर्थांची गल्लत सहज होईल. आभाळ म्हणावे, तर तो शब्द अभ्र, म्हणजे ढग, ह्यापासून आलेला.

मूळ धातू पाहिला तर मौज वाटते. रका म्हणजे ठोकून पसरविणे. सोनार ऐरणीवर सोने ठोकून त्याचा पातळ पत्रा काढतो, तीच ही क्रिया. निर्गम ग्रंथात याजकाच्या वस्त्रासाठी सोन्याचे पत्रे ठोकल्याचे वर्णन आहे, तेथे हेच क्रियापद आलेले आहे. मराठीत धातू म्हणजे शब्दाचे मूळ आणि धातू म्हणजे सोने-तांबेही, आणि येथे दोन्ही एकत्र भेटतात. धुळ्याच्या संशोधन मंडळास ज्यांचे नाव आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी क्रियापदांचे धातू आयुष्यभर जमविले. त्यांस हा योग खचित आवडला असता.

आलेक्सांद्रियाच्या यहुदी पंडितांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक भाषांतर करिताना ह्या शब्दासाठी घनता सुचविणारा स्तेरेओमा हा शब्द घेतला. पुढे जेरोमने लॅटिनमध्ये फिर्मामेंटुम केले, आणि तोच इंग्रजीत उतरला. परंतु त्याच अध्यायात पक्षी ह्याच रकीयासमोर उडतात, आणि चौथ्या दिवशी सूर्यचंद्र त्यातच ठेविले जातात. त्यास केवळ छत म्हणावे, तर पक्ष्यांस जागा कोठे? आज प्रचारात असलेल्या मराठी बायबलात अंतराळ असा शब्द आहे. तो मधली पोकळी उत्तम दाखवितो. ठोकून पसरलेला पत्रा मात्र त्यातून निसटतो. आमच्या मते हा तोटा पत्करण्याजोगा आहे, तथापि तो तोटाच आहे. असे शब्द ग्रंथभर शेकड्यांनी भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी भाषांतरकारास काहीतरी सोडावे लागते. जे सोडले ते जाणून सोडले काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि ते जाणण्यासाठीच पन्नाशीच्या सुमारास रमाबाईंनी हिब्रूचे ओझे शिरावर घेतले.

ते ओझे वाहण्यास शरीर साथ देत नव्हते. ऐकू फार पूर्वीपासूनच कमी येत असे. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा, जिच्या हाती आश्रम सोपवावयाचा, तीच निवर्तली. रमाबाई कामावरून उठल्या नाहीत. छापून येणारी मुद्रिते त्या स्वतः तपाशीत. ते काम हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले होते.