लाकडातून साखर काढणारा बर्गियस

पिठातला स्टार्च आणि लाकडातला सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक फक्त कड्या जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चच्या कड्या आपले पाचकरस सोडवतात, सेल्युलोजच्या सोडवू शकत नाहीत. शिवाय लाकडात सेल्युलोजभोवती लिग्निनचे चिवट वेष्टन असते. म्हणून कोरड्या लाकडाचा साधारण दोनतृतीयांश भाग कर्बोदकांचा असूनही माणसासाठी ते अन्न नाही.

हे कुलूप कारखान्यात उघडण्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बर्गियस यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजी ब्रेस्लाऊजवळ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफजवळ झाला. वडिलांचाच रसायनांचा कारखाना असल्याने या विषयाची ओळख घरीच झाली. प्रचंड दाबाखाली कोळशापासून द्रवरूप इंधन बनवण्याची पद्धत त्यांनी शोधली आणि १९१३ मध्ये तिचे पेटंट मिळवले.

पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्नाची भीषण टंचाई झाली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात लोकांनी एरवी जनावरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले. जंगले मात्र उभीच होती. सुमारे ४० टक्के तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सेल्युलोज थंडपणीच विरघळतो, हे रिचर्ड विल्स्टेटर यांनी आधीच दाखवले होते. हेच मोठ्या प्रमाणावर करायचे बर्गियस यांनी ठरवले.

विरघळवणे सोपे होते. आम्ल परत मिळवणे अवघड. ते वाया गेले तर साखर परवडणार नाही, आणि ते धातूची यंत्रेही खाते. कमी दाबाखाली आम्ल उडवून पुन्हा वापरायचे, उरलेला द्राव पातळ करून उकळायचा आणि तुटक साखळ्यांचे ग्लुकोज करायचे, असा मार्ग त्यांनी बसवला. या साखरेवर यीस्ट वाढवून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य किंवा अल्कोहोल करता येई. लिग्निन मागे उरे.

कोळशाच्या पेटंटचे पैसे यात गेले, कर्ज झाले. १९३१ मध्ये कार्ल बॉश यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले, पण ते उच्च दाबाच्या पद्धतींसाठी. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची साखर जर्मनीत तयार झाली. शांततेच्या काळात ती उसाच्या आणि बीटच्या साखरेपुढे टिकली नाही. युद्धानंतर बर्गियस अर्जेंटिनाला गेले आणि ३० मार्च १९४९ रोजी ब्यूनॉस आयर्समध्ये वारले.

२०२२ मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प सुरू झाला. तिथेही साखर आंबवण्याआधी पेंढ्याचे चिवट वेष्टन सैल करावेच लागते. ते किती स्वस्तात जमते, हा बर्गियस यांचाच प्रश्न आजही कायम आहे.