आनंदीबाईंचा अर्ज

परदेशात इंटर्नशिप मिळवायची ठरवलीत की तुमच्या लॅपटॉपवर एक फोल्डर तयार होतं. सीव्ही, एसओपी, शिफारसपत्रं, पासपोर्टचं स्कॅन आणि ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फाइल्स. मेलमागून मेल जातात आणि उत्तर काही येत नाही. सध्या तुमचं हेच चालू असेल, तर आनंदीबाई जोशींची गोष्ट पुन्हा वाचा. शाळेच्या धड्यातल्या डॉक्टर आनंदीबाईंची नको, त्याआधीची. ॲप्लिकेशन करणाऱ्या मुलीची.

पहिलं पत्र तर त्यांनी लिहिलंच नव्हतं. ते 1878 मध्ये कोल्हापुरातून गोपाळरावांनी लिहिलं. टपाल खात्यात नोकरीला असलेल्या या माणसाने रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला विचारलं, की बायकोला तिकडे शिकवायचंय, काही सोय होईल का? आनंदीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. उत्तर आलं, पण ते धर्मांतराच्या अटीसह. जोशी दांपत्याला अट मान्य नव्हती. विषय संपला.

पण वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या आणि तिथे तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी पत्र पाठवलं. हा निव्वळ योगायोग, मान्य. पुढची तीन वर्षं मात्र योगायोगाची नाहीत. बोटीने जाणाऱ्या टपालाच्या गतीने या दोघी लिहीत राहिल्या. आपल्याकडचे सण, लग्नं, बायकांचं जगणं असं काय काय आनंदीबाई इंग्रजीतून समजावून सांगत. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या. आज आपण ज्याला नेटवर्किंग म्हणतो, ते इतकं मनापासून क्वचितच होत असेल.

मधल्या काळात घरात काय चाललं होतं? चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायची जिद्द तिथून पक्की झाली. नवरा शिकवत होता हे खरं, आणि मारतही होता हेही खरं. आनंदीबाईंनी पुढे त्याला लिहिलेल्या पत्रातच ते आलंय. गोपाळरावांना नुसतं आदर्श पती म्हणून मोकळं होता येत नाही. शिवाय तब्येत. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. मावशींनी अमेरिकेतून औषधंसुद्धा पाठवली होती.

शेवटी एकटीनेच जायचं ठरलं. बातमी फुटली आणि लोक तुटून पडले. तेव्हा आनंदीबाईंनी काय केलं? 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहून लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि स्वतःच उत्तरं दिली. इथे शिकता येत नाही का? एकटी का? जातीबाहेर टाकतील त्याचं काय? काही बरंवाईट झालं तर? कुठल्याही बाईने केलं नाही ते तूच का करायचं? त्यांचं म्हणणं साधं होतं. मद्रासला एक कॉलेज आहे, बाकी ठिकाणी फक्त सुईणीचे वर्ग. जशी इथे राहते तशीच तिथे राहीन, मग जातीबाहेर कशासाठी टाकणार? वय अवघं सतरा. तुमच्या व्हिसा इंटरव्ह्यूचं टेन्शन याच्यापुढे ठेवून बघा जरा!

त्या भाषणानंतर मदत येऊ लागली. दागिने विकले. एप्रिलमध्ये ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोट पकडली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यायला मावशी आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पाठवायचा अर्ज त्यांनी अमेरिकेत पोचल्यावर लिहिला. तुम्ही एसओपी लिहिताना याच्याकडे बघाच. आपलं शिक्षण किती तोकडं आहे ते त्यात सरळ सांगितलंय. का शिकायचंय तेही एका दमात : आमच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून. फुगवलेलं काही नाही. माझं लक्ष अडतं ते एकाच विधानावर. प्रकृती चांगली आहे, असं त्यांनी लिहिलंय. अठरा वर्षांच्या मुलीने इतकं सगळं ओलांडून आल्यावर दुसरं काय लिहावं?

प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही. नऊवारीत पाय उघडे राहून थंडी बाधायची, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. मांसाहाराला शिवायचं नाही, हे ठरलेलंच होतं. अभ्यास सोडला नाही. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि 11 मार्च 1886 रोजी एम.डी. झाल्या. पण खोकला, ताप हटेना. तो क्षय होता.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नोकरी त्यांच्यासाठी ठरलेली होती. त्या परतल्या, पण कामावर रुजू होण्याइतकी ताकद उरली नव्हती. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

त्यांची रक्षा मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे.