रे युरी : चाकाच्या खुर्चीतून आठ सुवर्णपदकांपर्यंत

आज एका अशा खेळाडूची ओळख करून घेऊ, ज्याचं नाव आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं.

रेमंड क्लॅरेन्स युरी यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८७३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात लाफायेत येथे झाला. लहानपणीच त्यांना पोलिओ झाला. तेव्हा पोलिओवर लस नव्हती. चाकाची खुर्ची आली आणि हा मुलगा पुन्हा चालेल की नाही, अशी शंका घेतली जाऊ लागली.

पण युरी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पायांचे व्यायाम सुरू केले, मग उड्या मारण्याचा सराव. हे एका दिवसात झालं नाही, वर्षानुवर्षं चाललं. पुढे ते पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले आणि तिथे मैदानी खेळांच्या संघातही चमकले.

त्या काळी ऑलिंपिकमध्ये जागेवरून उडी मारण्याच्या स्पर्धा असत. धाव घ्यायची नाही. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकवायचे, हात मागून पुढे झोकायचे आणि उडी घ्यायची. वेगाची मदत नाही, सगळी भिस्त पायांच्या ताकदीवर! १९०० साली पॅरिसमध्ये युरी यांनी उंच उडी, लांब उडी आणि तिहेरी उडी या तिन्ही प्रकारांत एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. १९०४ मध्ये सेंट लुईसला पुन्हा तिन्ही. तिथे त्यांनी जागेवरून ३.४७ मीटर लांब उडी मारली, म्हणजे सव्वाअकरा फुटांहून जास्त. १९०८ मध्ये लंडनला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणखी दोन. आठ स्पर्धा, आठ सुवर्णपदकं! वैयक्तिक सुवर्णपदकांचा हा विक्रम थेट २००८ मध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सने मोडला. युरी यांचं निधन १९३७ मध्ये झालं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. व्यायामाने प्रत्येकाचा पोलिओ बरा होतो, असं मुलांना सांगू नका. नष्ट झालेल्या मज्जापेशी परत येत नाहीत; शिल्लक असलेल्या स्नायूंना मात्र सरावाने बळ देता येतं. ज्या मुलाचे पाय चालले नाहीत, त्याने मेहनत कमी केली असा अर्थ काढणं अन्यायाचं होईल.

मग यातून काय घ्यायचं? जागेवरची उडी आजही उडीपटूंच्या सरावात असते. तिला मैदान मोठं लागत नाही, फक्त मऊ जमीन आणि मोजपट्टी पुरते. मुलाची उडी दुसऱ्याच्या उडीशी नको, त्याच्याच मागच्या महिन्याच्या उडीशी मोजा. आणि खेळाच्या तासाला जे मूल कडेला बसतं, त्याला कायमचं प्रेक्षक ठरवू नका. त्याला काय जमेल, हे आधी त्यालाच विचारा.