ओहम नावाचा माणूस

मित्रांनो, फर्स्ट इयरच्या व्हायवात आपल्यापैकी प्रत्येकाला एकदा तरी ओहमचा नियम विचारला गेला असेल. आपण व्ही बरोबर आय आर असं घडाघडा म्हणतो आणि सुटतो. मीही तशीच सुटले होते. पण मागच्या मे महिन्यात तळोज्याला मामाच्या घरी हा नियम मला परत भेटला आणि या वेळी काही सुटका झाली नाही.

मामाने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलंय. आत दोन बेड, छोटा फ्रिज, दिवे, पंखा आणि चहासाठी १५०० वॅटची इलेक्ट्रिक किटली. कोकणात निघायच्या आधी गाडी दारात उभी होती. घरातल्या बोर्डावरून २५ मीटर वायर ओढून मामाने तिला लाईट दिली होती. घरात पाहुणे खूप, म्हणून आजी त्या रात्री गाडीतच झोपणार होती. पण संध्याकाळी किटली लावली की दिवे मंद व्हायचे, पंखा हळू व्हायचा आणि फ्रिज नुसताच घुरघुरायचा. मामाने टेस्टर लावला, तो मस्त पेटला. किटली बंद करून मी मल्टिमीटर लावला, तर २२६ व्होल्ट! घरातला एमसीबीसुद्धा पडला नव्हता. म्हणजे सगळं ठीक, फक्त पॉवर नाही. दोष गाडीच्या वायरिंगमध्येच आहे असं ठरवून मामा आतलं पॅनल उघडायला निघाला.

दोष तिथे नव्हताच. तो कुठे होता ते शेवटी सांगते, कारण अशाच एका चकव्यात जवळपास २०० वर्षांपूर्वी एक शाळामास्तर सापडला होता. त्याचं नाव गेऑर्ग सायमन ओहम.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली आणि गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आईसुद्धा गेली. वडील कॉलेजात गेलेले नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकले होते. तेच त्यांनी गेऑर्ग आणि त्याचा भाऊ मार्टिन यांना घरी शिकवलं. मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेऑर्गला मात्र वडिलांच्या हातातलं कसबही मिळालं. तारा, स्क्रू, धातूचे बारीक भाग हाताळायची सवय त्याला पुढे फार उपयोगी पडली.

१८०५ मध्ये गेऑर्ग एर्लांगेनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे त्याने काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स! (वाचताना मला आपल्या कॅन्टीनमधले काही चेहरे आठवले.) मुलगा संधी वाया घालवतोय हे पाहून वडील चिडले. तीन सेमिस्टरनंतर त्याला विद्यापीठ सोडावं लागलं आणि १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. नोकरी करता करता त्याने मोठ्या गणितज्ञांची पुस्तकं स्वतःच वाचून काढली. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. म्हणजे गाडी रुळावर आली, पण पगार आला नाही. विद्यापीठातल्या नोकरीत पोट भरेना, म्हणून बांबर्गच्या एका सुमार शाळेत शिकवायची वेळ आली. १८१७ मध्ये त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाला पाठवलं. त्याच वर्षी कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची चांगली नोकरी मिळाली. तिथे प्रयोगशाळाही होती.

१८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसूची हलते. ओहमला वाटलं की सूची किती हलते यावरून करंट मोजता येईल. मग एकच प्रश्न त्याने धरून ठेवला : तार लांब केली की करंट किती कमी होतो?

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला आणि त्यातलं सूत्र चुकलं! त्यात लॉगरिदम आला होता. ओहमच्या मोजण्यात मोठी खोट नव्हती, खोट त्याच्या सोर्समध्ये होती. त्या काळच्या बॅटऱ्या लोड पडला की ढेपाळायच्या. तार बदलली की बॅटरीचा जोरही बदलायचा. त्यामुळे किती घट तारेमुळे आणि किती सोर्समुळे, हे वेगळं काढताच येत नव्हतं.

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. सीबेकने १८२१ मध्ये दाखवलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगळ्या तापमानाला ठेवले की करंट वाहतो. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून सोर्सही हलत नाही. मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वात छोटी २ इंच, सर्वात मोठी १३० इंच. प्रत्येक तार लावायची आणि लटकत्या चुंबकसूचीवरून करंट मोजायचा.

१८२६ मध्ये जे सूत्र आलं ते असं : करंट म्हणजे सोर्सचा जोर भागिले एक बेरीज. त्या बेरजेत एक आकडा तपासायच्या तारेचा आणि दुसरा सर्किटमधल्या बाकी सगळ्या भागांचा. आपण पाठ करताना हा दुसरा आकडा विसरतो. ओहम विसरला नाही. तार कितीही चांगली असो, बाकीच्या वाटेतला रोधही करंट अडवतो, हे त्याने सूत्रातच लिहून ठेवलं.

१८२७ मध्ये त्याचं गॅल्व्हानिक सर्किटवरचं पुस्तक आलं. विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल या आशेने तो रजा घेऊन, अर्ध्या पगारावर, बर्लिनला भावाकडे राहिला होता. पण पुस्तकाचं स्वागत थंड झालं. भौतिकशास्त्रात एवढं गणित त्या काळी अनेकांना पचत नव्हतं. एका समीक्षकाने तर पुस्तकावर कडक टीका केली. १८२८ मध्ये ओहमने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. चाळिशीला आलेला हा माणूस पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये शाळांत गणिताचे तास घेऊन दिवस काढत होता. नियम बरोबर होता, सिद्धही झाला होता, पण त्याला विचारणारं फारसं कोणी नव्हतं. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये नोकरी मिळाली, तीही मनासारखी नव्हतीच.

मग बाहेरून दाद आली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं आणि पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतलं. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही १८४१ मध्येच निघालं. तो टेलिग्राफचा काळ होता. मैलोन्‌मैल तारा टाकायच्या तर किती बॅटऱ्या लागतील, तार कुठे तुटली, हे ओहमशिवाय सांगता येईना. केबलमधला फॉल्ट शोधायची मरे लूप टेस्ट आपण लॅबमध्ये करतो ना, तिच्याही मुळाशी ओहमच्या तारांचाच हिशेब आहे.

ज्या खुर्चीची ओहमने आयुष्यभर वाट पाहिली, ती म्युनिक विद्यापीठातली भौतिकशास्त्राची प्राध्यापकी त्याला १८५२ मध्ये मिळाली. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. त्याने लग्न केलं नाही. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं, पण ते बघायला तो नव्हता.

आता पुन्हा तळोज्याला येते. मामा पॅनल उघडायच्या आत मला एवढंच सुचलं की आपण लोड न लावता मोजतोय. टेस्टर आणि मल्टिमीटर नावापुरता करंट घेतात. करंट जवळजवळ शून्य, म्हणून वाटेत व्होल्टेजही पडत नाही आणि खराब जोडसुद्धा चांगला दिसतो! मग किटली चालू ठेवून दोन्हीकडे मोजलं. घरातल्या बोर्डावर २२३ आणि गाडीत १९६. म्हणजे २७ व्होल्ट वाटेत गायब. दीड स्क्वेअर एमएमची २५ मीटर वायर, जाऊन येऊन ५० मीटर, तिचा रोध साधारण ०.६ ओहम. साडेपाच अँपिअरला तिच्यात तीन-साडेतीन व्होल्ट जातील. मग उरलेले २३-२४ व्होल्ट कुठे गेले?

मेन स्विच बंद करून आम्ही घराकडचा थ्री-पिन प्लग काढला. तो हाताला चटका देत होता. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, पिन काळी पडलेली आणि प्लास्टिक वाकायला लागलेलं. ६ अँपिअरचा प्लग, त्यावर किटली आणि शिवाय फ्रिज! २४ व्होल्ट गुणिले साडेपाच अँपिअर म्हणजे त्या इवल्याशा प्लगमध्ये १३० वॅटची भट्टी पेटलेली. एमसीबी पडणार कसा? तो जास्त करंटला पडतो, आणि ढिला जोड तर करंट कमीच करतो. आजी गाडीत झोपली असती आणि फ्रिज रात्रभर चालू राहिला असता, या विचाराने मला घाम फुटला.

स्क्रू आवळून भागणार नव्हतं, कारण जळलेली पिन पुन्हा तापतेच. दुसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी १६ अँपिअरचा नवा सॉकेट आणि प्लग बसवला, अर्थिंग तपासलं आणि आरसीसीबीही लावली. पुन्हा किटली लावली तेव्हा गाडीत २१९ व्होल्ट होते. आजीने मात्र त्या रात्री घरातच, पाहुण्यांच्या गर्दीत झोप काढली.

तेव्हा मित्रांनो, लाईट गेली की आधी लोड लावून मोजा, सोर्सपासून एकेक जोड तपासत पुढे जा आणि हात घालायच्या आधी मेन बंद करा. आणि पुढच्या व्हायवात ओहमचा नियम सांगताना क्षणभर त्या मास्तराची आठवण काढा. पहिला निबंध चुकला म्हणून तो थांबला नाही. बर्फ आणि उकळतं पाणी घेऊन त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.