भुकेल्यांवर फौज धाडणारा राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर 1932 ची निवडणूक मंदीमुळे हरले, असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे.

हूवर यांचा जन्म 1874 सालचा, आयोवा राज्यातला. नवव्या वर्षी ते पोरके झाले. पुढे खाण अभियंता होऊन श्रीमंत झाले. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला त्यांनी अन्न पुरवले. 1927 च्या मिसिसिपी महापुरात मदतकार्याचे प्रमुख तेच होते. तिथल्या छावण्यांत कृष्णवर्णीय पूरग्रस्तांना बंदुकीच्या पहाऱ्यात राबवले गेले. तरीही 1928 साली हूवर यांनी 48 पैकी 40 राज्ये जिंकली.

1929 साली शेअर बाजार कोसळला. 1932 मध्ये बँका व रेल्वे कंपन्यांना सरकारी कर्ज मिळाले. बेकारांना मात्र केंद्राने थेट मदत द्यावी, हे हूवर यांना मान्य नव्हते. ते काम दानधर्माचे आणि स्थानिक संस्थांचे, अशी त्यांची धारणा. त्याच जुलैत, युद्धकाळाचा बोनस मागणाऱ्या माजी सैनिकांना हटवण्यासाठी त्यांनी राजधानीत फौज उतरवली. जनरल मॅकआर्थर यांनी आदेशापलीकडे जाऊन छावणी उठवली, झोपड्या जळाल्या. नोव्हेंबरात हूवर यांच्याकडे 6 राज्ये उरली. निर्वाचक मते 59. रूझवेल्ट यांना 472.

मंदी एकट्या हूवर यांनी आणली नव्हती. पण भाकरी हा माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी मानले नाही. दयाळू राज्यकर्ता आणि न्यायी राज्यकर्ता यांतला हा फरक चळवळीतल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.