देणाराही तोच, हिशेब ठेवणाराही तोच

निवडणूक आली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. एवढे बॅनर, एवढ्या गाड्या, एवढी जेवणं, हा पैसा येतो कुठून? आमच्या गटात महिन्याला शंभर रुपये भरणारी बाईसुद्धा वही उघडून विचारते, गेल्या महिन्याचे व्याज कुठे धरले? मग एवढ्या मोठ्या पक्षांना कुणी का विचारत नाही? हा प्रश्न ऐकला की मला दरवेळी जमनालाल बजाज आठवतात. बजाज म्हटलं की आपल्याला स्कूटर आठवते. पण स्कूटरच्या कितीतरी आधी, या घराण्याचा मूळपुरुष काँग्रेसचा खजिनदार होता.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. आईवडील साध्या परिस्थितीतले. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज बजाज यांनी या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले आणि वयाच्या पाचव्या वर्षी तो राजस्थानातून थेट विदर्भात आला. वर्धा म्हणजे कापसाचा मुलूख. कापूस, सावकारी, जमीनजुमला, असा सगळा पसारा. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न झाले. मध्य प्रदेशातल्या जावऱ्याच्या जानकीदेवी या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्या जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या.

सतराव्या वर्षीचा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. एका लग्नाला जायचे होते. आजोबांचा आग्रह, शेठजींच्या घरचा मुलगा, अंगावर दागिने हवेतच. मुलाने नकार दिला. आजोबा रागावले, पैशावरून टाकून बोलले. मुलाने काय करावे? स्टँपच्या कागदावर लिहून दिले की तुमच्या संपत्तीवर माझा काहीही हक्क नाही, आणि घराबाहेर पडला. शेवटी समजूत काढून त्याला परत आणले. पुढे आजोबा गेले आणि सारी इस्टेट त्याच्याच हाती आली. पण ही माझी नाही, मी फक्त सांभाळणारा, हे त्याने त्याच वयात मनाशी पक्के केले होते. विश्वस्त हा शब्द गांधीजींनी पुढे सगळ्या देशाला दिला. या मुलाला तो आधीच कळला होता म्हणायचा!

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. टिळकांच्या 'केसरी'ची हिंदी आवृत्ती निघणार होती, त्यासाठी मदतीचे आवाहन झाले. जमनालालजींना रोज एक रुपया हातखर्चाला मिळायचा. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी देऊन टाकले. पुढे आयुष्यात त्यांनी लाखांनी दिले, पण त्या शंभर रुपयांचा आनंद वेगळाच होता असे ते सांगत. पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशाची चव आपल्या बायकांना कळते, नाही का?

सरकारदरबारीही त्यांचा मान होता. मानद मॅजिस्ट्रेट झाले, रायबहादूर हा किताब मिळाला. व्यापारी माणसाला याहून काय हवे? पण डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. स्वागताध्यक्ष जमनालालजी होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक मागणे मागितले, मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींना स्वतःचे चार मुलगे होते. त्यांनी हे मान्य केले. पक्षाची तिजोरी सांभाळायचे कामही जमनालालजींकडे आले, आणि पुढची अनेक वर्षे ते काँग्रेसचे खजिनदार राहिले. रायबहादूरकी त्यांनी १९२१ मध्ये सरकारला परत केली.

तोवर काँग्रेसकडे पैसा असा नव्हताच. वकील, डॉक्टर वर्षातून एकदा जमायचे, ठराव करायचे, आपापल्या गावी जायचे. गांधीजींना ती खेड्यापाड्यात न्यायची होती. मग कार्यकर्ते हवे, शाळा हव्या, चरखे हवे आणि त्या सगळ्याला पैसा हवा. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले होते. त्यांच्या नावाने 'टिळक स्वराज्य फंड' काढायचे ठरले. ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये! वसुलीचा जोर जेमतेम तीन महिने. तेव्हाचे एक कोटी म्हणजे किती, हे काँग्रेसच्या वर्षाच्या वर्गणीवरून समजावे. ती होती चार आणे.

आणि रक्कम जमली. सर्वांत मोठा वाटा आपल्या मुंबईचा. गोदरेज कुलुपे बनवणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख दिले. पण नुसत्या शेठ लोकांवर हा फंड उभा राहिला नाही. सभांमधून बायकांनी हातातल्या बांगड्या, गळ्यातल्या साखळ्या काढून दिल्या. जमनालालजींनी असहकारात वकिली सोडणाऱ्यांची घरे चालावीत म्हणून एक लाख रुपये वेगळे दिले. मला हे दान फार समजुतीचे वाटते. नवऱ्याने देशासाठी वकिली सोडली, तर चूल कशी पेटवायची हा प्रश्न बायकोपुढेच येणार. त्या चुलीचा विचार या माणसाने केला.

आता एक अवघड गोष्ट. काँग्रेस शेठजींच्या पैशावर चालते, मग ती गरिबांची कशी, अशी टीका तेव्हाही डाव्या विचाराची माणसे करत होती. टीकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. देणारा मोठा असला की त्याची सावली पडतेच. लग्नात जास्त आहेर करणाऱ्या नातेवाइकाला आपण पुढच्या पंगतीत बसवतो, तसेच हे. शिवाय जमनालालजींनी व्यापार सोडलेला नव्हता. साखर कारखाना, पोलादाचा उद्योग या काळातच त्यांनी उभे केले.

मग फरक कुठे? मला वाटते, त्यांनी पैसा दिला आणि वर स्वतः किंमतही मोजली. ज्याच्या हाती सत्ता होती त्या सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षाला ते देत होते, त्यातून कंत्राट मिळणार नव्हते, मिळणार होता तुरुंग. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. त्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायला नकार दिला म्हणून सरकारने मोटार जप्त केली. लिलाव पुकारला तर नागपुरात एकही माणूस बोली लावायला पुढे येईना.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तर ते आमच्या बाजूलाच होते. मी गोरेगावची. इथून विलेपार्ले हे चौथे स्टेशन. तिथे सत्याग्रहींची छावणी होती आणि तिचे प्रमुख जमनालालजी. लाखोंची उलाढाल करणारा हा शेठ समुद्राचे पाणी आटवून मीठ करणाऱ्यांत उभा राहिला आणि एप्रिलमध्येच पकडला गेला. आज त्या भागातून लोकलने जाताना गर्दीत हे कुणाला आठवत असेल?

दुसरा फरक घरचा. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाजांचे कुटुंबाचे. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते दलितांना खुले केले. साऱ्या देशात गाजलेली गोष्ट ही. जातवाले खवळले, पण ते मागे हटले नाहीत. गांधीजींना ग्रामोद्योगासाठी वर्ध्याची बाग दिली, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगाव खेड्यात राहायला गेले तिथे बहुतेक मालगुजारी बजाजांचीच होती. तेच पुढे सेवाग्राम झाले. मुलींसाठी, विधवांसाठी वर्ध्यात महिलाश्रम निघाला, त्यामागेही तेच होते.

आणि जानकीदेवी? नवऱ्याने सगळे वाटायला काढले तर घरच्या बाईचे काय होत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. दागिन्यांनी मढलेली, पडद्यात राहणारी मारवाडी सून. तिने सोने उतरवले, परदेशी कपडे होळीत टाकले, पदर मागे सारून सभेत बोलायला उभी राहिली, तुरुंगातही गेली. हे सोपे नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी वर्ध्याला अचानक गेले, वय अवघे बावन्न. शेवटच्या दिवसांत ते गोसेवेचे काम हाती घेऊन गोपुरीत झोपडीत राहत होते. जानकीदेवींनी ते काम पुढे चालवले, स्वतःच्या नावचा पैसाही त्यातच घातला. विनोबांच्या भूदानात त्यांनी गावोगाव विहिरींचे दान मागितले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ पर्यंत त्या होत्या.

मैत्रिणींनो, आपल्याकडे २०१८ पासून निवडणूक रोखे आले होते. कुणी, कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळायचेच नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. देणारा कोण हे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, हे न्यायालयाने सांगितले. जमनालालजींच्या वेळी असा कायदा नव्हता, पण कोण देतो ते जगजाहीर होते. त्याला शिव्या देणारेही होते आणि पाया पडणारेही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी उमेदवार दारात हळदीकुंकवाचे वाण घेऊन आला तर चहा जरूर द्या. पण गटाची वही उघडतो तशाच सवयीने विचारा, भाऊ, हे वाण कुणाच्या पैशाचे?