विश्लेषण : हेडरने घात केला? जेफ ॲस्टल यांच्या मेंदूत काय सापडले?

इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबच्या चाहत्यांसाठी जेफ ॲस्टल म्हणजे ‘किंग’. नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवूड येथे १९४२ मध्ये जन्मलेल्या या आघाडीपटूने क्लबसाठी ३६१ सामन्यांत १७४ गोल केले. हेडर ही त्यांची खासियत. गंमत म्हणजे त्यांचा सर्वात गाजलेला गोल, १९६८ च्या एफए चषक अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा, डाव्या पायाचा होता. १९७० च्या विश्वचषकातही ते इंग्लंडकडून खेळले. निवृत्तीनंतर त्यांनी खिडक्या पुसण्याचा व्यवसाय केला.

पन्नाशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले. पुढे आपण फुटबॉल खेळलो, हेही त्यांना आठवेना. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत कारण नोंदवले गेले : व्यवसायजन्य आजार. म्हणजे खाणकामगाराला धुळीने व्हावा तसा.

शुद्ध न हरपताही इजा?

मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला, की मज्जातंतू ताणले जातात, पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो आणि ऊर्जेची गरज वाढते, नेमका तेव्हाच रक्तपुरवठा घटतो. हे ‘कन्कशन’. यात बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. हेडरचे धक्के त्याहून सौम्य, पण वर्षानुवर्षे बसणारे. २०१४ मध्ये ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲस्टल यांचा मेंदू पुन्हा तपासला. तो आजार अल्झायमर नव्हे, तर मुष्टियोद्ध्यांत आढळणारा ‘सीटीई’ निघाला. यात ‘टाऊ’ प्रथिनाच्या गुठळ्या साचतात आणि खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते.

दोष जुन्या, पावसात जड होणाऱ्या चामडी चेंडूचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आजचा चेंडू भिजत नाही, पण वेगाने येतो.

मग उपचार?

कन्कशननंतर एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग चालणे, हलका व्यायाम, सराव आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच सामना, अशी चढती शिडी आहे. हेडरनंतर मात्र लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे खेळाडूला कोणी थांबवत नाही. सीटीईवर तर इलाजच नाही.

२०१९ मध्ये ७,६७६ स्कॉटिश माजी फुटबॉलपटूंच्या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाने मृत्यूचे प्रमाण सामान्यांच्या साडेतीन पट आढळले. नंतरच्या विश्लेषणात बचावपटूंना धोका सर्वाधिक, तर क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांना जवळपास सामान्यांइतकाच दिसला. २०२० पासून इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवणे बंद झाले.